हवेतलं पाणी आणि आपला कोळशाचा प्रयोग : रसायनशास्त्र अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यास मंडळ

सर, मॅडम, नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात सीनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर, हे सातवं वर्ष. बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा हातात आला त्या रात्री मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि सकाळी उठून परत वाचला, कारण मला वाटलं माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलंय. सुटलं नव्हतं. क्रेडिट बदललेत, पेपरांची नावं बदललीत, कोर्स आउटकम म्हणून प्रत्येक युनिटखाली चार वाक्यं आलीत, पण आत जे शिकवायचंय ते मी स्वतः विद्यार्थिनी असताना शिकले तेच आहे, काही ठिकाणी तर उदाहरणंसुद्धा तीच. हवेतून पाणी काढणाऱ्या सच्छिद्र पदार्थांसारखे नवे विषय घ्या, अशी सूचना मी रीतसर ईमेलने पाठवली होती, तिला उत्तर आलं नाही, मग फोन केला तेव्हा मंडळातल्या एका सरांनी शांतपणे ऐकून घेतलं (त्याबद्दल मनापासून आभार) आणि म्हणाले, मॅडम हे रिसर्चचे विषय आहेत, एमएस्सीला बघू, आधी बेसिक पक्कं होऊ द्या. ते उत्तर मला पटलेलं नाही. आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

माझं माहेर लातूर. २०१६ च्या एप्रिलमधे मी बाहेरगावी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रॅक्टिकल परीक्षा आटपून घरी आले होते. ज्यांनी तो उन्हाळा तिथे काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, नळ कधी येईल याचा पत्ता नाही, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतात म्हणून मार्चमधेच तिथे १४४ कलम लावलेलं. आई रात्री दोनला उठवायची, घागरी आणि कॅन घेऊन टँकरच्या लाईनीत उभं राहायचं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर, आणि लोक ती बघायला स्टेशनवर गेले. आणि त्या दिवसांत माझ्या बॅगेत जर्नल होतं, त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेला प्रयोग, कोळशावर ॲसिटिक ॲसिडचं अधिशोषण, फ्रॉइंडलिशचा आलेख काढा. कोळशाच्या बारीक छिद्रांच्या भिंतींवर रेणू चिकटतात, किती चिकटले ते ब्युरेटने काढायचं. मला चांगले मार्क मिळाले होते त्यात. पण हाच प्रयोग आणखी दोन पायऱ्या पुढे नेला की हवेतली वाफ पकडून प्यायचं पाणी काढण्यापर्यंत पोचतो हे मला कुणीच सांगितलं नाही, आणि तेव्हा मी रोज रात्री घागर घेऊन लाईनीत उभी राहत होते.

त्या पायऱ्यांचा पाया तेव्हाही घातलेला होता. ८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, क्योतोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीचे ओमर याघी, आणि विषय होता मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क, ज्याला सगळे एमओएफ म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने मोबाईल पुढे केला, मॅडम हे आपल्याला आहे का सिलॅबसला? मी म्हणाले नाही. ती म्हणाली मग तुम्ही सांगा ना. मी त्या दिवशी ठरलेला तास बाजूला ठेवला आणि सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. इमारतीला बांबूची परांची बांधतात ती डोळ्यासमोर आणा. गाठींच्या जागी धातूचे आयन, बांबूंच्या जागी सेंद्रिय रेणू, आणि मधे सगळी मोकळी जागा. एवढं लहान की डोळ्याला नुसती पावडर दिसते, पण आत सगळ्या खोल्याच खोल्या. याघींच्या ग्रुपने १९९९ मधे एमओएफ-५ बनवला, त्याच्या एका ग्रॅममधे आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ २९०० चौरस मीटर मोजलं गेलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत, त्यांना चौरस मीटरने काही वाटलं नाही, मग आम्ही फळ्यावर गुंठ्यात काढलं, साडेअठ्ठावीस गुंठे. एका ग्रॅममधे. पुढे काही पदार्थ ७००० चौरस मीटरपर्यंत गेलेत, म्हणजे पावणेदोन एकराच्या आसपास. मागच्या बाकावरचा एरवी कधीच न बोलणारा मुलगा म्हणाला, मॅडम आमचं सगळं रान तेवढंच आहे. तो तास मी विसरणार नाही.

आता बेसिक पक्कं करायचा मुद्दा घेऊ, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. एमओएफ समजायला नेमकं काय लागतं? धातूचा आयन आणि लिगँड (म्हणजे धातूला बांधला जाणारा रेणू) यांचा को-ऑर्डिनेशन बंध, तो आपण दुसऱ्या वर्षाला शिकवतो. क्रिस्टल लॅटिस, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी, ते आहे. अधिशोषण आणि त्याचे आलेख, तेही आहे. हे सगळं आपण सुटं सुटं शिकवतो, वेगवेगळ्या पेपरात, वेगवेगळ्या सेमिस्टरला, आणि हे तिन्ही जिथे एकत्र येतं त्या दारापाशी नेऊन मुलांना सांगतो की परीक्षा संपली, जा घरी. माझ्या अनुभवाने सांगते, लिगँड म्हणजे काय हे मुलांना ईडीटीएच्या टायट्रेशनमधून जितकं कळत नाही तितकं त्या परांचीतून कळतं.

बरं, ह्या शोधाची सुरुवातच वर्गातून झाली आहे. १९७४ मधे रॉबसन मेलबर्न विद्यापीठात शिकवत होते आणि विद्यार्थ्यांना रेणूंचे मॉडेल बनवता यावेत म्हणून लाकडी गोळे करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची हे वर्कशॉपवाल्याला आखून द्यावं लागतं. ती भोकं आखताना त्यांच्या लक्षात आलं की रचनेची सगळी माहिती त्या भोकांच्या जागेतच आहे, भोकं बरोबर असली की मॉडेल आपोआप बरोबर बनतं, मग खऱ्या अणूंच्या बाबतीतही असं करता येईल का? दहा-बारा वर्षं ती कल्पना त्यांच्या डोक्यात राहिली, मग त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू घेऊन हिऱ्यासारखी जाळी बनवून बघितली आणि १९८९ मधे पेपर लिहिला. नोबेल मिळालं तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. सर, आपण ज्याला शिकवण्याची तयारी म्हणतो त्यातून हे निघालंय, तर रिसर्च वेगळा आणि शिकवणं वेगळं ही भिंत आपण एवढी जाड का ठेवायची?

कितागावांचंही तसंच. त्यांनी १९९२ मधे पहिली जाळी बनवली तेव्हा तिचा काही उपयोग दिसत नव्हता, पुढे अनुदान मागायला गेले तर नाकारलं गेलं, कारण झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांची खनिजं, आधीच होते, हे कशाला. १९९७ मधे त्यांनी अशी जाळी दाखवली की जिच्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत जातो, बाहेर येतो आणि जाळी मोडत नाही. उपयोग मागाहून आला.

याघींबद्दल मला जरा जास्तच वाटतं ते मी लपवत नाही. जॉर्डनच्या अम्मानमधलं पॅलेस्टिनी निर्वासितांचं घर, एका खोलीत मोठं कुटुंब आणि जनावरंही तिथेच, वीज नाही, घरात नळ नाही. आठवड्या-दोन आठवड्यांतून काही तास पाणी यायचं आणि ते भरून ठेवायचं. शाळेच्या लायब्ररीत दहा वर्षांच्या ह्या पोराला रेणूंची चित्रं दिसली. पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. आणि ह्याच माणसाच्या ग्रुपने पुढे वाळवंटातल्या हवेतून पाणी काढलं. रात्री हवेतली वाफ त्या छिद्रांत जाऊन बसते, दिवसा उन्हाने पावडर तापली की ती बाहेर येते, गार पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. त्यांच्या एमओएफ-३०३ मधे धातू कुठला तर ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या घरी पाणी निवळायला जी तुरटी फिरवतात त्यातलाच. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या मुलीला ही गोष्ट सांगून बघा, तिचा चेहरा बघा.

आणि मी मुलांना खोटी आशा दाखवत नाही, हेही इथे लिहिते. २०१९ मधे अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात एमओएफ-३०३ ने दिवसाला किलोमागे ०.७ लिटर पाणी दिलं. आम्ही वर्गात हिशोब केला, एका माणसाला दिवसाला २० लिटर धरले तर अठ्ठावीस-एकोणतीस किलो पावडर लागेल, पाच माणसांच्या घराला जवळजवळ दीड क्विंटल. ती बनवायला किती खर्च, किती वर्षं टिकेल, धूळ बसली तर काय, हे सगळे प्रश्न मुलांनीच काढले. मांजरा धरणाच्या जागी हे येणार नाही. पण जिथे टँकरही पोचत नाही तिथे प्यायचे चार लिटर निघू शकतात का, हा प्रश्न खरा आहे, आणि तो माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारायला हवा कारण तहान त्यांची आहे.

आता माझ्या तक्रारी सांगते, आवाज न चढवता.

पहिली, एमएस्सीला बघू ह्या उत्तराबद्दल. मागच्या वर्षी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ३४ जण होते, त्यातले ५ एमएस्सीला गेले. बाकीचे एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला लागले, काही पोलीस भरतीच्या तयारीला, काही बँकेच्या क्लासला, सात-आठ मुलींची लग्नं झाली. त्यांच्यासाठी बीएस्सी हीच शेवटची केमिस्ट्री आहे. त्यांना जे बीएस्सीला मिळालं नाही ते आयुष्यात कधी मिळणार नाही.

दुसरी, प्रॅक्टिकल. कोळशाचा प्रयोग मला आवडतो, तो काढा असं मी म्हणतच नाहीये. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवायला काय हरकत आहे? मी जुलैमधे स्वतः ट्रायमेसिक ॲसिडची (परांचीतला बांबू) छोटी बाटली मागवली, कॉपर ॲसिटेट आमच्या लॅबमधे होतंच. पाणी-अल्कोहोलमधे दोन्ही एकत्र ढवळलं की निळी पावडर खाली बसते, ती गाळून, अल्कोहोलने धुऊन ओव्हनमधे तापवायची. हा एचकेयूएसटी-१ नावाचा एमओएफ, १९९९ मधे हाँगकाँगला पहिल्यांदा बनला. ओव्हनमधून काढला तेव्हा गडद जांभळट निळा होता. वॉच ग्लासवर ठेवला आणि पावसाळी हवेत बघता बघता तो फिका निळा होत गेला. तराजूवर ठेवला तर वजन वाढतंय. मुलं आकडा वाचत होती, मोठ्याने. हवेतलं पाणी डोळ्यांनी दिसत होतं. मग आम्ही मोरचूद तापवून पांढरा केला, तो पुन्हा निळा होताना बघितला, आणि दोन्हींत फरक काय यावर अर्धा तास वाद झाला, धातूला चिकटलेलं पाणी कुठलं, जाळीतल्या पोकळीत नुसतं बसलेलं पाणी कुठलं. फवारणीसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या घरातली मुलं आहेत, मोरचूद त्यांना लहानपणापासून माहीत. असा वाद मी जर्नलच्या ठरलेल्या प्रयोगावर सात वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. पण हा प्रयोग जर्नलला लिहिता येत नाही, मार्क नाहीत, म्हणून पुढच्या बॅचला करायचा की नाही हे माझ्या खिशावर आणि त्या महिन्यात तास किती मिळतात त्यावर.

आणखी एक उदाहरण देते कारण ते फार जवळचं आहे. पहिल्या वर्षाला आपण ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करतो, गरम करून, गुलाबी रंग येईपर्यंत. तेच ऑक्झॅलिक ॲसिड, जस्त आणि ट्रायाझोल मिळून कॅनडात कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझूंच्या ग्रुपने काल्फ-२० हा एमओएफ बनवला, आणि तो सिमेंट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडायला खरोखर वापरून बघितला गेलाय. त्याच्याही आधी, २०१० मधे, जस्त, ऑक्झॅलेट आणि अमिनोट्रायाझोल यांच्या जाळीत कार्बन डायऑक्साइड नेमका कुठे बसतो हे दाखवणारा पेपर ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात आला, त्याचे पहिले लेखक रामनाथन वैद्यनाथन, जे पुढे पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संशोधन संस्थेत आले. त्यांच्या शेजारीच एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिथे राहुल बॅनर्जींनी बरीच वर्षं ह्याच प्रकारच्या पदार्थांवर काम केलं. म्हणजे हे काही फक्त बर्कली-क्योतोचं नाही, पुण्यात पाषाणला हे चालू आहे, आणि आमच्या मुलांना एसटीने सात-आठ तासांवर काय चाललंय याचा पत्ता नाही. आयसर पुणे आणि केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मधे सोडियम आयन बॅटरी जाहीर केली तेही मुलांना माझ्याकडूनच कळलं, आणि बॅटरीच्या युनिटमधे आजही लेड ॲसिडवरच जोर आहे.

तिसरी गोष्ट, खरं-खोटं ओळखायला आपण शिकवत नाही. जुलै २०२३ मधे कोरियातून एलके-९९ चा दावा आला, साध्या तापमानाला सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ, पार १२७ अंशापर्यंत. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चुंबकावर तरंगणाऱ्या दगडाचा व्हिडिओ दिवसाला दहा वेळा फिरत होता. थोड्याच दिवसांत जगभरच्या लॅबनी, आपल्या दिल्लीच्या एनपीएलमधल्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) डॉ. अवानांच्या गटानेसुद्धा, नमुने बनवून बघितले आणि सुपरकंडक्टर सापडला नाही. मग कळलं की नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि तिचीच रचना १०४ अंशाच्या आसपास बदलते म्हणून रोध एकदम पडल्यासारखा दिसला. फेज ट्रान्झिशन, म्हणजे तापमानाने पदार्थाची रचना बदलणं, शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अशुद्धी किती घात करते, आणि दुसऱ्याने करून बघितल्याशिवाय दावा पक्का होत नाही, हे दोन्ही एका तासात मुलांच्या मनावर ठसतं. पण व्हिडिओ सगळ्यांपर्यंत पोचला आणि पुढचा खुलासा फार थोड्यांपर्यंत.

चौथी, भाषा. आमची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. त्यांना विषय जड जात नाही, वाक्य जड जातं. मराठीत ह्या विषयावर वीस पानंसुद्धा आमच्या लायब्ररीत नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या इनऑरगॅनिक पेपरात सच्छिद्र पदार्थांवर आठ तासांचं एक युनिट घ्या, झिओलाइटपासून एमओएफपर्यंत. जागा कुठून आणायची असं विचाराल तर मसुद्यात क्रिस्टल फील्ड थिअरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही वर्षांना जवळजवळ त्याच शब्दांत आहे, तिथून तास निघतात. एचकेयूएसटी-१ चा नाहीतर झेडआयएफ-८ (हाही एमओएफच) चा एक प्रयोग प्रॅक्टिकलला मार्कांसह ठेवा, झेडआयएफ-८ तर जस्ताचं मीठ आणि मिथाइल इमिडाझोल एकत्र केलं की ओव्हनशिवाय काही मिनिटांत दुधाळ होतं, फक्त मिथेनॉल वापरणार असाल तर फ्यूम कपबोर्डची (वाफा बाहेर खेचणारं कपाट) आणि विल्हेवाटीची सोय आधी करा, ती बऱ्याच कॉलेजात नाही हे तपासणीत लिहिलं जाऊ द्या. जिथे स्फटिकाची रचना तपासायचं एक्स-रे मशीन नाही, आणि तालुक्याला ते नसणारच, तिथे मर्क्युरी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्फटिकांच्या रचनांच्या फाइल खुल्या डेटाबेसमधे आहेत, मुलं कॉम्प्युटरवर जाळी फिरवून आतल्या पोकळीचं माप काढू शकतात, हे प्रॅक्टिकल म्हणून धरा.

प्रत्येक सेमिस्टरला चार तास विषय न ठरवता मोकळे ठेवा, त्या वर्षी जे नवीन आलं ते शिक्षकाने घ्यायचं आणि मुलांनी त्यावर प्रश्न लिहून द्यायचे, त्याला इंटर्नलचे मार्क. शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या आणि त्यात तासिकावाल्यांनाही बोलवा, प्रवासभत्त्यासह, कारण प्रत्यक्ष लॅबमधे बहुतेक ठिकाणी आम्हीच उभे असतो. आणि मराठीत एक छोटी पुस्तिका काढा. ती लिहायला मी तयार आहे, मानधन नको, फक्त तज्ज्ञांनी तपासून द्यावी.

सूचना का नाकारली तेही लेखी कळवा. नाकारायचं कारण पटलं तर मी पुढच्या वेळी वेगळं लिहीन.

नाव खाली घातलेलं नाही, कारण माझी नेमणूक दरवर्षी नव्याने होते. ईमेल तुमच्याकडे आहेच, त्यात माझं नाव, कॉलेज, सगळं आहे. मसुदा अंतिम करायच्या बैठकीला अर्धा तास दिलात तर मी येईन. वाळवून घट्ट बंद केलेली पावडरची बाटली सोबत आणीन, सुरुवातीला झाकण काढून टेबलावर ठेवीन, रंग कधी बदलतो ते आपण सगळेच बघू.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक केमिस्ट्रीची शिक्षिका